रोनतची मुलं

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लोनगार नावाचं लहानसं गाव आहे. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे तिथे आले, की कुसुमताई दळी त्यांना घरात घेण्याआधी टेकडी दाखवायला नेतात. बत्तीस वर्षं त्या तिथल्या दवाखान्यात सिस्टर होत्या. गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उशाशी बसून जे ऐकलं, ते त्या सांगतात ते असं.

ती बघा टेकडी. आता आजूबाजूला नजर टाका. जिकडे तिकडे दगडी बांध. वावभर जमीन असली तरी इथला माणूस तिला बांध घालणार. पण त्या टेकडीवर एक तरी बांध दिसतोय का? शोधा, शोधा. नाही सापडायचा! पायथ्याशी तो पडका बुरूज आहे ना, त्याच्या दारात बसून एका बाईने ही टेकडी सोडवली, असं सांगतात.

आठशे वर्षं झाली म्हणे. समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार आले, अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत आणि हातात इंग्लंडच्या राजाची सनद. त्यातलाच हा ओदो द सॉव्हेल. सॉव्हेल हे त्याच्या पणजोबाचं फ्रान्समधलं गाव. आपल्याकडे गावाला 'कर' लावतात, तसलंच ते आडनाव. बरं, ते गाव ओदोने जन्मात पाहिलं नव्हतं! पण तोरा काय विचारता. त्याने इथे बुरूज बांधला आणि पहिल्याच वसंतात टेकडीभोवती खंदक खणून टाकला. टेकडी माझी, म्हणाला.

आता क्लोनगारचं सगळं त्या टेकडीवर. उन्हाळाभर गावची गुरं वर चरायची आणि खालचं गवत कापून हिवाळ्यासाठी ठेवायचं. टेकडी गेली म्हणजे खालचं गवत उन्हाळ्यातच संपणार, आणि हिवाळ्यात गुरं मरणार. गुरांमागे माणसं. तरणी पोरं विळे-कोयते घेऊन निघाली. त्यांना अडवलं रोनतने.

ही रोनत पन्नाशीची विधवा. सात गाई, मूलबाळ नाही, जीभ मात्र तिखट. म्हणाली, "अरे शहाण्यांनो, त्याच्याकडे चाळीस तिरंदाज आहेत. विळ्याने तीर कापणार का? बसा घरी. मी जाते."

ती गेली आणि बुरुजाच्या दारासमोर मांडी घालून बसली. आपल्याकडे पूर्वी धरणं धरून बसत ना, अगदी तसंच. या लोकांतही ती रीत होती. मोठ्या माणसाने अन्याय केला, तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. आणि दारात कुणी उपाशी असताना घरधन्याने अन्नाला हात लावायचा नाही. आधी बाहेर यायचं, विचारायचं, न्यायाचा शब्द द्यायचा. जो तसाच जेवला, त्याचं नाव गावाने टाकलं. त्या नावाने त्याला कुणी हाक मारायची नाही, आणि त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही.

ओदोला हे कुठलं ठाऊक! त्याला वाटलं, भिकारीण आहे. तसा मनाने वाईट नव्हता हो. त्याने चाकराच्या हाती तिला मटणाचं ताट पाठवलं, आणि आत बसून स्वतः पोटभर जेवला. झालं! बाहेर जमलेल्या गावाने उघड्या दारातून ते पाहिलं. रोनतने ताट बाजूला सरकवलं आणि डोळे मिटून घेतले. तिला राग नाही आला, भीती वाटली. ज्याला रीतच कळत नाही, त्याच्या दारात आपण फुकट मरणार की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात ओदो द सॉव्हेल नावाचा माणूसच उरला नाही. गिरणीवाला म्हणे, कुणाचं पीठ? लोहार म्हणे, कुणाचा घोडा? पाद्री प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायचा, तो याच्या नावापाशी खोकून पुढे जायचा. हा चिडून रस्त्यात ओरडला, की लोक वाऱ्याकडे बघावं तसे बघायचे. गाव करी ते राव न करी, ते काही उगीच नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणे बुरुजातली चूल पेटेना. फुंकून फुंकून आचाऱ्याचे डोळे सुजले. देवाची करणी म्हणतात. लाकडं ओली असतील, असंही असेल, कोण बघायला गेलंय! पण ओदोची बायको आवलीन शहाणी होती. दूध घालायला येणाऱ्या बायकांकडून ती इथली भाषा शिकली होती. तिने विचारून घेतलं आणि नवऱ्यापुढचं ताट उचललं. "अहो, ती भीक मागत नाहीये," ती म्हणाली. "ती तुम्हाला माणसात राहायची संधी देतेय." आणि तिने स्वतःही जेवण सोडलं.

तरी दोन दिवस गडी ताठच. सहाव्या दिवशी बाहेर रोनत आडवी झाली, आत आवलीनला घेरी आली, आणि ओदोचा ताठा गळाला. शुद्धीवर आलेल्या बायकोला धरून तो अनवाणी बाहेर आला, धुळीत रोनतसमोर बसला आणि बायकोकडून एकेक शब्द विचारून घेत म्हणाला, "चुकलो. टेकडी घे. पण जेव गं बाई."

सगळ्यांना वाटलं, सुटलं! पण रोनतने मान हलवली. ज्याचं नाव टाकलंय त्याचा शब्द शब्दच नव्हे. त्याच्यामागे जामीन उभा राहायला हवा, आणि जामीन म्हणजे त्याच्या रक्ताचा किंवा मानलेल्या नात्याचा माणूस. परक्याला इथे कोण? रोनतने गर्दीकडे पाहिलं. गर्दीने जमिनीकडे पाहिलं. सरदार देतो म्हणतोय, बाई घेऊ शकत नाही, आणि जीव तर चालला! ओदो रडला म्हणतात. चिलखत घालून आलेला माणूस, सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडला.

तेव्हा रोनतने हात पुढे केला. म्हणाली, "कुणीतरी भाकरी आणा रे."

ओटची भाकरी आली, वर लोणी. सहा दिवसांची उपाशी बाई, समोर ताजी भाकरी, वास नाकात जात असणार. तिने एक घास मोडला. स्वतःच्या नाही, ओदोच्या तोंडात घातला. इथल्या रीतीने पहिला घास भरवून मूल मानतात, आणि मानलेल्या मुलाच्या शब्दाला आई जामीन असते.

"आजपासून हा माझा," ती गावाला म्हणाली. "थोराड आहे, मठ्ठ आहे, पण माझा आहे. आता बोल रे बाळा, टेकडी कुणाची?"

"गावाची," तो म्हणाला.

"मग आता मला भरव."

त्याने भरवलं. गावाने अशी आरोळी ठोकली, की वरचे कावळे उडाले! त्याच दुपारी चाळीस तिरंदाजांनी धनुष्यं टाकून फावडी घेतली आणि खंदक बुजवला. आणि शिंगं वाजवत, घंटा वाजवत क्लोनगारची गुरं वर चढली. सगळ्यात पुढे रोनतच्या सात गाई, आणि त्यांच्यामागे काठी घेऊन, शेणाने पाय बरबटवत, आपला सरदार. चालता चालता रोनत त्याला ओरडली, "अरे डावीकडून हाक, डावीकडून!" आणि तिला हसू आवरेना.

पुढच्या साली राजाचा अंमलदार घोड्यावरून आला. ओदो द सॉव्हेलची टेकडी कुठली, शेतसारा ठरवायचाय, म्हणाला. तेव्हा ओदो गुरांतून पुढे आला, छाती काढून म्हणाला, "त्या नावाचा इथे कुणी नाही. टेकडी गावाची आहे. आणि मी रोनतचा मुलगा." अंमलदाराने गावाकडे पाहिलं, तर सगळं गाव माना डोलावतंय! बिचारा आल्या वाटेने परत गेला.

इथल्या भाषेत मॅक म्हणजे मुलगा. ओदोची पोरंबाळं मॅक्रोनत झाली. सॉव्हेल कुठे होतं, ते आता कुणाला सांगता येणार नाही. आजही मॅक्रोनतांच्या घरात सून येवो, जावई येवो, दत्तक मूल येवो, घरातली सगळ्यात वडील बाई त्याला स्वतःच्या हाताने पहिला घास भरवते. तो गिळून होईपर्यंत ती जेवत नाही. आणि मग, सून असली तरी रोनतच्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत सांगते, "आजपासून हा माझा."