आधी झेब्रे, मग हरणे

फार जुनी गोष्ट आहे. मोठी टोळधाड येऊन गेली, त्याच्या तिसऱ्या वर्षीची. पावसाळा नुकताच संपला होता.

आफ्रिकेच्या एका अफाट माळरानावर गवत हरणांच्या शिंगांच्याही वर गेले होते. तिथला रिवाज ठरलेला होता. झेब्रे पुढे चरत आणि वरचे जून, राठ गवत खात. मागून हरणे येत आणि बुडाशी फुटलेला कोवळा पाला खात. कुणी उपाशी राहत नसे.

त्या वर्षी हरणांचा म्होरक्या नवा होता. त्याला हे खटकले. झेब्र्यांच्या कळपात एक म्हातारी होती, सगळे तिचे ऐकत. तो तिला म्हणाला, "आजी, तुमचं उष्टं आम्ही किती दिवस खायचं? यंदा आम्ही पुढे."

"उष्टं कसलं? राठ गवत तुझ्या दातांना झेपायचं नाही रे."

"माझे दात राहू द्या. तुमच्या पोटाचा नगारा झालाय, तो बघा."

"बरं बाबा, हो पुढे," म्हातारी म्हणाली. झेब्रे नदीपलीकडे गेले.

हरणे उंच गवतात शिरली. तोंडात नुसत्या काड्या येत. पाला खाली होता, पण राठ काड्यांच्या दाटीतून तिथवर तोंड पोचेना. आयांचे दूध आटले. म्होरक्याचे पाडस उभे राहीना. त्यात गवतात सिंहीण शिरली. ती दिसत नसे, फक्त तिचा वास येई.

त्याची हरिणी म्हणाली, "तुमची मान राहिली ताठ. पोराला काय पाजू?"

म्होरक्या नदी ओलांडून गेला. "आजी, चुकलो. पाडस जगत नाही आता."

"नगारा भरलेलाच आहे माझा," म्हातारी म्हणाली. "पण अजून थोडं मावेल. चला गं पोरींनो."

झेब्रे चरत चरत पुढे सरकले. गवत खाली आले. लपायला जागा राहिली नाही, तशी सिंहीण निघून गेली. हरणांना पाला मिळाला, हरिणीला पान्हा फुटला, आणि चार दिवसांत पाडस उड्या मारू लागले.

म्होरक्याने कळपाला एवढेच सांगितले, "जो आपल्या आधी जेवतो, तो आपला घास खातोच असे नाही, कधी कधी तोच आपले ताट वाढत असतो."

उन्हाळ्यात नदी आटली. म्हातारी डोहाशी वाकून पाणी पीत होती. काठावरच्या म्होरक्याला पाण्यात मगरीचे डोळे दिसले. त्याने जोरात खूर आपटला. म्हातारी मागे उडाली. मगरीचा जबडा रिकामाच मिटला.

उपकार फिटले.