बिनतोंडाचा मुखवटा

एका राज्यात मुखवटे माणसांपेक्षा वयाने मोठे होते. राजे आले, राजे गेले. न्यायाचा मुखवटा तोच राहिला. त्याचं कपाळ रुंद, कारण न्याय करणाऱ्याच्या डोक्यात सगळ्यांना जागा हवी. डोळे अर्धे मिटलेले, कारण त्याने आधी आत पाहावं. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, कारण त्याने कमी बोलावं. सुगीला राजा तो चढवी, नाचे, न्याय करी आणि सूर्य मावळायच्या आत उतरवून ठेवी.

सातव्या राजाला वाटलं, या मिटल्या डोळ्यांना भिणार कोण? त्याने एका जादूगाराकडून नवा मुखवटा करवून घेतला. डोळे वटारलेले, जबडा वासलेला. जुना जाळून टाकला. नवा चढवला, सूर्य मावळला, आणि मुखवटा चेहऱ्यावरून निघेना.

मग त्या मुखवट्याला भूक लागू लागली. तो मुलांचे चेहरे खाई. पहिल्या दिवशी खळी जाई, दुसऱ्या दिवशी भुवया, तिसऱ्या दिवशी नाक. आणि त्या दिवशीचा सूर्य बुडाला की सगळा चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. मूल जिवंत असे. पण ते कोणाचं, हे त्याच्या आईलाही ओळखू येत नसे.

याच राज्यात मुखवटे कोरणाऱ्याची लेक यांदा राही. बाप वारलेला. एका सकाळी ती लेकीचं, कुमाचं, तोंड धूत होती. कुमा हसली, आणि यांदाचा हात थांबला.

"पुन्हा हस गं."

कुमा पुन्हा हसली. गालावर खळी नव्हती.

छपरावर धनेश पक्षी बसला होता. "गेली ना?" तो म्हणाला. "ऊठ. न्यायाचा मुखवटा पुन्हा कोर. दोन मुखवटे समोरासमोर आले की जो आधी बोलेल, त्याने आपला उतरवायचा. हा कायदा जादूगारालाही मोडता येत नाही."

"मी? मी बाबांच्या हाताखाली फक्त घासकाम केलंय."

"मग घासत बस."

यांदा उठली. पहिल्या दिवशी ती लाकडासाठी जंगलातल्या थोरल्या झाडापाशी गेली.

"लाकूड कशाला?" झाडाने विचारलं.

"राजाला हरवायला."

झाडाचं पानही हललं नाही.

"लेकीसाठी."

"सगळेच तसं सांगतात."

यांदाने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "मला फार भीती वाटते. आणि मला हे जमेल असं वाटत नाही."

एक फांदी आपणहून तिच्या पायाशी पडली. त्या दिवशी तिने रुंद कपाळ तासलं.

दुसऱ्या दिवशी कुमाच्या भुवया गेल्या. मुखवट्याला लावायचा काळा चिखल नदीच्या तळाशी असे, आणि खाल्लेले चेहरे त्याच पाण्यात तरंगत. "पूर्ण डोळे उघडशील तर तिथेच राहशील," धनेश म्हणाला, "पूर्ण मिटशील तर बुडशील." यांदा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाण्यात उतरली. बोटांना कोणाची तरी पापणी लागली. तिने पाहिलं नाही. मूठभर चिखल घेऊन वर आली आणि तसेच डोळे कोरले.

तिसऱ्या दिवशी फक्त तोंड राहिलं. कुमा समोर बसलेली. तिचं नाक विरघळत होतं. कोरकामाची खबर लागून राजाचे शिपाई दारात आले, मुलीला उचलून घेऊन गेले. यांदाचा हात असा थरथरला की पटाशी घसरली. तोंडाच्या जागी बारीकशी रेघ उमटली. आरपार भोक नाही, काही नाही.

"बिघडवलं मी," ती म्हणाली. "बाबांनी पन्नास कोरले, एक बिघडला नाही. मला एकच कोरायचा होता."

"सूर्य बघ," धनेश म्हणाला.

सूर्य ताडांना टेकला होता. तिने चिखल फासला, ताडाच्या झिरमिळ्या गळ्याभोवती बांधल्या, तोच बिघडलेला मुखवटा चढवला आणि राजाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

राजाला कायदा ठाऊक होता. तो बोलला नाही. मुखवटा नसलेल्या जादूगाराला कसलं बंधन? त्याने कुमाला पुढे ओढलं.

"हाक मार की बाई तिला! ओळखीची नाही वाटतं?"

कुमाचं तोंड मिटत चाललं होतं. हात चाचपडत होते. "आई," ती म्हणाली, आणि ओठ गेले.

यांदा गप्प राहू शकली नाही. कोणती आई राहील? ती जिवाच्या आकांताने ओरडली, "कुमा!"

ती हाक मुखवट्याच्या आत फिरली. तोंड शोधत राहिली. रुंद कपाळावर आपटली आणि यांदाच्याच छातीत परत गेली. अंगणात कोणालाच काही ऐकू आलं नाही.

जादूगार थांबला. सगळे थांबले. राजाचा वासलेला जबडा मिटणं शक्यच नव्हतं.

"अरे, ही ओरडत का नाही?" राजा म्हणाला.

झालं. मुखवटा तडकला आणि गळून पडला. आत दगडाखालच्या गवतासारखा पांढरा, लाजलेला एक लहानसा चेहरा होता. नदीवरून चेहरे उडत आले आणि आपापल्या मुलांवर बसले. जादूगाराचा मात्र गुळगुळीत झाला, तो तसाच राहिला. कुमाची खळी सगळ्यात शेवटी आली. तोवर यांदाने श्वास घेतला नव्हता.

"कोरकाम बरं जमलं," धनेश म्हणाला.

"हात थरथरला होता."

त्या राज्यात आता न्यायाचा मुखवटा तोच, यांदाने कोरलेला बिनतोंडाचा, आहे, आणि तो सूर्यास्ताआधी उतरतो. यांदाच्या हाताखाली शिकणारे कपाळ ठाम हाताने तासतात, डोळेही. पण तोंडाशी आले की पटाशी सैल धरतात आणि हाताला थोडं थरथरू देतात.