गोजराची अकरा गाडगी

फार पूर्वी, बियाणं ज्याचं त्यानेच राखायचं अशी रीत होती त्या काळात, नदीच्या वळणावरच्या एका गावात गोजरा नावाची एक बाई राहत होती. तिच्या घरामागे भाजीची बाग होती. बाग एवढी मोठी की एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ती जेमतेम ऐकू येई. माठ, चुका, मुळा, वांगी, घेवडा, वाल, आणि मांडवावर दोडका, पडवळ, कारली, दुधी. शिवाय एक पांढरी काकडी, जी आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती.

हे सगळं बी तिच्या माहेरचं. दरवर्षी ती प्रत्येक जातीचं थोडं बी राखेत घोळून गाडग्यात भरायची, तोंड शेणमातीने लिंपायची आणि अकराही गाडगी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. गावात बाकी कुणी एवढी खटपट करत नसे. वेलावरचं एखादं फळ वाळू द्यायचं आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी लावायचं, बस्स.

एकदा भाद्रपदातल्या एका दुपारी गोजरा दोडके तोडत होती. तेवढ्यात उत्तरेला आभाळाच्या कडेवर तांबूस पट्टा दिसला. तिचा नवरा केरू बागेला पाणी देता देता थांबला.

"वणवा लागलाय की काय?" तो म्हणाला.

"भाद्रपदात कसला वणवा?" गोजरा म्हणाली. "आणि आवाज ऐका ना."

कोरड्या पाचोळ्यावरून हजारो गुरं चालत यावीत तसा तो आवाज होता. पट्टा वाढत गेला. ऊन मळकट झालं. आणि मग गोजराच्या हातावर, पदरावर, केसांत काहीतरी टपटप पडू लागलं. टोळ!

गावाने थाळ्या बडवल्या, ओला पाला पेटवून धूर केला, पोराबाळांनी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला. टोळ हलले नाहीत. दिवस कलेपर्यंत बागेत फक्त मांडवाचे बांबू उरले. वाळत घातलेल्या हिरव्या लुगड्यालासुद्धा भोकं पडली होती. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर ती धाड जशी आली तशी उठली आणि दक्षिणेला निघून गेली. मागे उरलं ते नागडं शिवार. गुरांना गवत नाही, झाडांना पान नाही, कुणाच्या वेलावर वाळवायला एक फळ नाही.

जमिनीखालच्या पेवांत ज्वारी होती, त्यामुळे गाव उपाशी मेलं नाही. पण सकाळी भाकरी आणि मीठ, संध्याकाळी भाकरी आणि मीठ. गुरं आटली, दूध गेलं.

आता अख्ख्या गावात बी होतं ते फक्त गोजराच्या माळ्यावर. आणि त्या दिवसापासून गोजराच्या मनात भीतीने घर केलं.

आधी भीती टोळांची. सुपात धान्य पाखडताना सळसळ झाली तरी ती दचकून आभाळाकडे बघायची. पारव्यांचा थवा उडाला की हातातलं काम टाकून घरात पळायची. केरू म्हणाला, "गोजरे, जमीन ओली आहे. माठ, मुळा टाकू या की. महिन्याभरात पानं येतील."

"आणि ते परत आले तर? हे गेलं की संपलं. मग कुठून आणायचं?"

"थोडं पेरू."

"थोडंही नको."

मग भीती माणसांची. कुणी बी मागितलं तर? कुणी माळ्यावर चढलं तर? केरू लाकडं आणायला गेला असताना तिने घराच्या कोपऱ्यात खड्डा खणला, अकरा गाडगी त्यात उतरवली आणि वर फळी टाकून तिच्यावर जातं ठेवलं.

शेजारी धुरपदा राहत होती. तिला येशी नावाची सात वर्षांची मुलगी होती. कार्तिकात एकदा दिवेलागणीला येशी अंगणातल्या खांबाला धडकली. दुसऱ्या दिवशी पायरीवरून पडली. उजेडात तिला सगळं नीट दिसे, पण सूर्य मावळला की ती हात पुढे करून चाचपडत चाले.

धुरपदा येशीला घेऊन गोजराकडे आली. "माझ्या पोरीला संध्याकाळचं दिसेनासं झालंय गं. वैदू म्हणाला, पोटात हिरवा पाला जायला हवा. रानात तर पान राहिलं नाही. तुझ्याकडे माठाचं बी असेल. मूठभर नको, चिमूटभर दे."

 धुरपदाला दिलं की उद्या अख्खं गाव दारात येईल, असं गोजराला वाटलं. आणि तोंडातून शब्द गेले, "नाही गं उरलं. उंदरांनी खाल्लं."

 धुरपदाने येशीचा हात धरला आणि ती निघाली. उंबऱ्याशी अंधार पडला होता. "पाय उचल. आता खाली पायरी आहे," असं ती मुलीला सांगत होती. गोजराने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तिला झोप लागेना. आता तिसरी भीती आली होती: बी खरंच उंदरांनी खाल्लं तर? ती रोज जातं सरकवायची, फळी काढायची, एकेका गाडग्याचं लिंपण फोडून आत बोट घालून बघायची. बी जागेवर आहे म्हटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटे. मग घाईघाईने पुन्हा लिंपायची, ते लिंपण वाळायच्या आत दुसऱ्या दिवशी पुन्हा फोडायची. जमीन अजून पावसाने ओलसर होती. खड्ड्यातून कुबट वास येई, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

एके सकाळी तिने घेवड्याच्या गाडग्यात बोट घातलं आणि काहीतरी वळवळलं. तिने गाडगं अंगणात पालथं केलं. तांबडे ठिपके असलेले घेवड्याचे टपोरे दाणे आतून पोखरून पोकळ झाले होते. दाण्यांतून भुंगे बाहेर पडत होते.

ती धावत आत गेली. दुसरं गाडगं, तिसरं गाडगं. चुक्याचं बी गोळा होऊन काळं पडलं होतं. पांढऱ्या काकडीच्या बियांवर निळसर बुरशी होती, बोटात धरली की बी चुरगळत होती.

गोजरा जात्याला टेकून खालीच बसली. टोळ आले नव्हते. चोर आला नव्हता. उंदीरही नव्हता. रोज गाडगी उघडणारे हात तिचेच होते.

केरू आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. खड्डा बघून त्याला सगळं कळलं. तो रागावला नाही. तिच्याशेजारी उकिडवा बसून म्हणाला, "बाकीचं जिवंत आहे का, ते तरी बघ."

तिने उरलेल्या आठ जातींचं थोडं थोडं बी ओल्या फडक्यात बांधलं. पुढचे दिवस तिने ते फडकं नुसतं ओलं ठेवलं, उघडून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी तिने गाठ सोडली. आठही जातींना मोड आले होते. कुठे दहांतले सात, कुठे तीनच. वांग्याचे दोन.

त्याच दुपारी ती धुरपदाच्या दारात गेली. पदरात माठाचं बी होतं.

"उंदरांनी खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

धुरपदाने हातातलं काम खाली ठेवलं. 

"येशी काल विहिरीच्या काठाला गेली होती," ती म्हणाली. "दिवे लागायच्या वेळी. मी धरलं नसतं तर..." ती थांबली. "मला तुझा राग आलाय, गोजरा. तो जाईल की नाही, माहीत नाही. पण तो नंतर बघू. आधी बी दे."

गोजराने वांग्याचंही थोडं बी आणलं आणि दोघींनी धुरपदाच्या परसात वाफे केले. मग गोजराने उरलेली गाडगी डोक्यावर घेतली आणि ती घरोघर फिरली. वरच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या बिराला दुधी आणि मुळा दिला. नदीकाठच्या ताना कोळ्याला कारलं आणि पडवळ. कुंभाराला दोडका आणि वाल. जे मागायला आले त्यांना दिलं, जे आले नाहीत त्यांच्या दारात जाऊन दिलं. उरलेलं आपल्या बागेत पेरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे मागे ठेवलेलं एकही गाडगं नव्हतं. जाता येता तिची नजर रिकाम्या माळ्याकडे जाई.

"सगळंच दिलंस?" केरूने विचारलं.

"सगळंच. माझ्या हातात राहिलं तर मी पुन्हा उघडून बघेन."

महिन्याभरात माठाची पानं आली. धुरपदाने पहिल्या दिवशी भाजी केली, दुसऱ्या दिवशी केली, रोज केली. माघ सरता सरता एका संध्याकाळी येशी अंगणात पळत आली आणि कुणी न सांगता पायरी उतरली. धुरपदाने चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

थंडी ओसरली, वेल मांडवावर चढले, गावात पुन्हा हिरवा रंग दिसू लागला. आणि चैत्राच्या शेवटी, भर दुपारी, उत्तरेला तांबूस पट्टा उठला.

या वेळी कुणी विचारलं नाही की वणवा आहे का. बाया किंचाळल्या. केरूने थाळी उचलली. गोजरा बागेच्या मधोमध उभी राहिली. तो आवाज जवळ आला, डोक्यावर आला, आणि तिच्या बागेवर उतरला.

तिने बडवलं, हाकललं, पदराने झोडपलं. मग हात खाली टाकले. डोळ्यांसमोर पडवळाचा वेल पानापानाने नाहीसा झाला. वांग्याची रोपं नुसत्या काड्या झाली. घरात माळा रिकामा होता. तिला वाटलं, संपलं. बापाच्या घरून आणलेलं सगळं आज संपलं, आणि मीच ते संपवलं.

धाड उठून गेल्यावरही ती बागेत बसून होती. केरूने पाणी आणून दिलं, ते ती प्यायली नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून धुरपदाची हाक आली. "गोजरा, ऊठ. माझ्या परसात माठ आहे. आम्ही सगळ्या चटया, गोधड्या टाकल्या होत्या वर. निम्मा वाचला."

थोड्या वेळाने माळावरून बिरा आला. "आमच्याकडं उतरलेच नाहीत," तो म्हणाला. "वरून गेले. दुधी जागच्या जागी हाय, मुळाबी."

कुंभाराची भट्टी पेटलेली होती, तिच्या धुरात दोडक्याचा वेल वाचला होता. शेंगा धरलेला वाल कुंभाराच्या भिंतीआड उभा होता. ताना कोळी संध्याकाळी आला. त्याची कारली गेली होती, पण पडवळाचा एक वेल काठावर पालथ्या घातलेल्या होडीखाली शिरला होता तो राहिला होता. कारलं तीन दिवसांनी देवळामागच्या एका घरी सापडलं.

फक्त वांगं कुठेच नव्हतं. गोजराने सगळं गाव पालथं घातलं. ज्याला विचारलं त्याने नाही म्हणून मान हलवली.

आठवड्याने नदीपलीकडून एक अनोळखी बाई पाण्यातून चालत आली. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत ओल्या मातीत वांग्याची दहा-बारा रोपं.

"मी धुरपदाची बहीण," ती म्हणाली. "तिने मला मागे चार बिया दिल्या होत्या. आमच्या गावात टोळ आले नाहीत. इकडची खबर कळली, म्हटलं, देऊन यावं."

गोजराने धुरपदाकडे पाहिलं. "तू मला बोलली नाहीस."

"तू दिलंस म्हणून मी दिलं," धुरपदा म्हणाली. "त्यात बोलायचं काय?"

त्या वर्षी पावसाळ्यात गोजराची बाग पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली. आठही जाती होत्या. पुढे नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत त्या पसरल्या, आणि नंतर कधी पूर आला, कधी रोग आला, तरी एका गावातून गेलेलं दुसऱ्या गावातून परत मिळालं.

गोजराची भीती मात्र कधीच पूर्ण गेली नाही. आभाळ तांबूस झालं की म्हातारपणीही तिच्या छातीत धडधडे. फरक इतकाच की आता ती घरात लपत नसे. चटई घेऊन शेजारच्या परसाकडे धावत असे.

आणि वाटेने कुणी परका माणूस जाताना दिसला की ती त्याला थांबवून पाणी देई, आणि विचारी, "तुमच्याकडे तांबड्या ठिपक्यांचा घेवडा होतो का हो? पांढरी काकडी? चुका, लहान पानांचा?" माणूस आठवून बघे आणि नाही म्हणे. ती मरेपर्यंत विचारत राहिली. त्या तिन्ही जाती पुन्हा कुणालाही मिळाल्या नाहीत.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य ध्यानात ठेवा: भिण्यात पाप नाही, पण भीतीपोटी जे दडवून ठेवतो ते आपल्याच हातात मरतं, चार घरी दिलेलं कुठल्या ना कुठल्या घरी जगतं.