यमुनेचं सक्तीचं कुलूप

देवाशपथ, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, पण जो होता त्याच्याशी माझी चांगली घसट आहे. घसट म्हणजे, एकदा एसटीत शेजारी बसलो होतो. असो.

एका गावात एक संशयी बाई होती. तिचं नाव यमुना धुरी. पाहुण्याला ती नाव दोनदा विचारायची, दोन्ही वेळा तेच सांगतो का ते बघायला. देवळात स्वतः घंटा वाजवायची आणि कोणी वाजवली म्हणून मागे वळून बघायची.

गावाच्या रानात खवले मांजरं होती. त्यांच्या खवल्यांवर चोरांचा डोळा. म्हणून गावच्या वनसमितीने बिळाबिळाची नोंद ठेवली होती. एका तक्त्यात बिळं, दुसऱ्यात जनावरं, तिसऱ्यात राखणदार, आणि तिन्ही तक्ते एकमेकांशी जोडलेले. हा डेटाबेस क्लाउडवर होता, म्हणजे दूरच्या शहरातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. तो सांभाळायचं काम यमुनेकडे. पासवर्ड असा, की शोधता शोधता चोर म्हातारा व्हावा. सगळे निर्धास्त होते.

यमुना नव्हती. "कपाट भक्कम आहे," ती म्हणायची, "पण वाटेचं काय? आपला प्रश्न इथून तिथे जातो, उत्तर तिथून इथे येतं. मधेच कोणी वाचलं तर?"

त्यावर सोय होती. एन्क्रिप्शन लावलं की वाटेवरचं सगळं बोलणं सांकेतिक होतं. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती नुसता भुसा. पण ही सोय ऐच्छिक होती. यमुनेचा कॉम्प्युटर सांकेतिक बोलायचा. समितीचे अध्यक्ष आबा राऊळ यांचा कॉम्प्युटर उघड बोलायचा, कारण त्यातल्या जुनाट प्रोग्रामला दुसरं काही येतच नव्हतं. आणि डेटाबेस बिचारा दोघांनाही उत्तर द्यायचा. त्यात समितीची कचेरी एका खानावळीच्या वर. आबा वायफाय वापरायचे ते त्या खानावळीचं, फुकटचं.

एका आठवड्यात दोन बिळं उकरलेली सापडली. रिकामी.

गाव म्हणालं, "बिळं ठाऊक कोणाला? यमुनेला. जी सगळ्यांवर संशय घेते, तिच्यावर कोणी घ्यायचा?"

यमुनेचा संशय मात्र खानावळीतल्या एका परक्या माणसावर होता. तो तीन दिवस कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. "या खानावळीचं जेवण जो तीन दिवस मुकाट गिळतो," ती म्हणाली, "तो जेवायला आलेला नाही." गाव हसलं. पुरावा काय?

चौथ्या दिवशी पहाटे तिला रानात नवं बीळ दिसलं. आत शिरणारी आई, आणि आईच्या शेपटीवर बसलेलं पिल्लू. यमुनेने लगेच नोंद केली नाही. कचेरीत येऊन आधी तिने डेटाबेसवर सक्ती लावली: सांकेतिक बोलेल त्यालाच उत्तर, उघड बोलेल त्याला दार बंद. मग नोंद केली.

थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतून आबा तणतणत आले.

"अगो यमुने, माझा कॉम्प्युटर मला आत घेत नाही!"

"घेणार नाही. तो उघड बोलतो."

"मी अध्यक्ष आहे!"

"ते डेटाबेसला कुठे ठाऊक?"

"एकदाच उघड. नवं बीळ बघतो, मग लाव परत."

"एकदाच पुरतं, आबा. चोराला दोनदा ऐकावं लागत नाही."

आबा तापले. "गाव आधीच तुला चोर म्हणतंय. सक्ती काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

यमुनेचा चेहरा उतरला. काम गेलं असतं तर गावाचा संशय खरा ठरला असता. तिने चपला घातल्या आणि दाराशी गेली. "नाही येत," ती म्हणाली. "पण सक्ती राहील."

तेवढ्यात जिना वाजला. खानावळीतला तो माणूस हसत हसत वर आला. "अध्यक्षसाहेब, तुमचं कनेक्शन नाकारलं जातंय ना? ती एन्क्रिप्शनची सक्ती तेवढी काढायला सांगा. लगेच चालू होईल."

आबा त्याच्याकडे वळले. मग ते हळूच म्हणाले, "नाकारलं जातंय हे तुला रे कोणी सांगितलं?"

तो पळायला वळला. दारात यमुना उभी होती.

वनखात्याची माणसं आली. त्याच्या पिशवीत खवले निघाले आणि लॅपटॉपमध्ये उकरलेल्या दोन्ही बिळांचे ठावठिकाणे. आबांनी भर सभेत हात जोडून यमुनेची माफी मागितली आणि नवा प्रोग्राम बसवून घेतला.

आता कबूल करतो. यात एक गोष्ट मी पदरची घातली आहे: माफी. आबांनी ती कधीच मागितली नाही. प्रोग्राम बसवला, तोही कुरकुरत. नवं बीळ मात्र शाबूत आहे. कुठे, ते विचारू नका. यमुनेने मलाही सांगितलेलं नाही.

तात्पर्य: कुलूप लावणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं, की चोर उघडं राहिलेलंच दार शोधतो; म्हणून सुरक्षेचा नियम सगळ्यांना सक्तीचा असावा, आणि मोठ्या माणसाला सगळ्यात आधी.