पाच लावे आणि सोन्याचे ताट

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. राज्य मोठे, गड मजबूत, कोठारे भरलेली, आणि राजाची अक्कल बेताची. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला माझा राग आवरणार नाही.

त्या राजघराण्यात एक रीत होती. राजपुत्रांनी एकाच ताटात जेवायचे. ताट सोन्याचे, परातीएवढे. जो पहिला घास उचलील, त्याच्या पगडीत राजा स्वतःच्या हाताने तुरा खोवी. एका ताटात जेवले की भावाभावांत माया वाढते, असे राजा सर्वांना सांगे. माया कसली वाढते! पाच मुलगे पाटावर बसण्याआधीच एकमेकांना कोपराने ढकलत. थोरला रणंजय तर धाकट्याचे मनगट पिरगाळून घास हिसकावी, आणि राजा मांडी थोपटून म्हणे, "शाबास! हा माझा वाघ."

धाकट्याचे नाव अंबुज. त्याच्या जन्मावेळी राणी गेली. भिवरा नावाच्या दाईने त्याला अंगावर पाजले, कारण तिचे स्वतःचे मूल पाच दिवसांचे होऊन गेले होते. भिवरा दाराआड उभी राहून रोज हे जेवण बघे आणि रोज दातओठ खाई. दाईचे कोण ऐकतो?

एके दिवशी भर दुपारी एक जोगीण भिक्षेला आली. ती दारात उभी, आणि आत पाच भाऊ पहिल्या घासासाठी तलवारी उपसून उभे. झटापटीत रणंजयाचा पाय लागून जोगिणीचे भिक्षापात्र उलटले. एकानेही मागे वळून पाहिले नाही. राजा हसत होता.

जोगीण म्हणाली, "झुंजायची एवढी हौस आहे, तर झुंजीचे पाखरू व्हा."

त्याच क्षणी पाच तलवारी खणखणत खाली पडल्या आणि सोन्याच्या ताटाभोवती पाच लावे उभे राहिले. मातकट रंगाचे, मुठीएवढे, गळे फुगवलेले. लावा पाखरू लहान असते, पण दोन नर समोरासमोर आले की चोचीने डोके सोलून काढतात.

राजा जोगिणीच्या पाया पडला. तेव्हा ती म्हणाली, "तीन दिवस, तीन सूर्यास्त. पाचही भाऊ एका कुंपणात मोकळे राहू देत. भावाच्या चोचीने भावाचे रक्त एक थेंबही सांडले नाही, तर तिसऱ्या सूर्यास्ताला माणसे होतील. येत्या पौर्णिमेपर्यंत हे झाले नाही, किंवा त्याआधी एक जरी मेला, तर उरलेले जन्मभर लावेच राहतील." एवढे बोलून ती भिंतीतून निघून गेली.

आता राजाने काय करावे? त्याने सोनाराला बोलावले. सोन्याचा पिंजरा केला, घासूनपुसून आरसा केला, आणि मधोमध तेच सोन्याचे ताट ठेवले. माझे राजपुत्र मातीत राहणार नाहीत, म्हणाला. प्रत्येक लाव्याला चारी भिंतींत आपलेच रूप दिसे. तो त्याला शत्रू समजे आणि चवताळे. घाबरून उडी मारली की डोके सोन्याच्या छतावर आपटे. ताट एकच, म्हणून जो पुढे तो खाई, आणि मागचे चार त्याच्यावर तुटून पडत. पहिल्याच दिवशी रक्त सांडले.

राजाने शास्त्री आणून पिंजऱ्यापुढे बंधुप्रेमावर प्रवचन ठेवले. लाव्यांनी प्रवचन ऐकत ऐकत एकमेकांची पिसे उपटली. मग राजाने ढोल बडवून त्यांना धाक घातला. ते आणखी बिथरले. अंबुजाच्या डोक्यावरची कातडी निघून लाल मांस उघडे पडले, आणि ते लाल दिसले की बाकीचे चौघे नेमके तिथेच टोचत. तेव्हा राजाने न्हाव्याला बोलावून सांगितले, "पाचांच्याही चोची काप."

भिवरा इतके दिवस गप्प होती. ती उठली. तिने न्हाव्याच्या हातातले हत्यार हिसकावून खिडकीबाहेर फेकले.

"महाराज, चोच कापली तर खातील कशानं?"

"तू दाई आहेस. मर्यादेत राहा."

"मर्यादा तुम्ही पाळली असती तर पोरं पाखरं झाली नसती!"

भिवराने पाच टोपल्या आणल्या, पाच लावे पाच टोपल्यांत ठेवले आणि वर ओले फडके बांधले. अंधार झाला तसे पाचही जण शांत झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच महालात चोचीचा आवाज नव्हता. राजाला ते ऐकू आले, म्हणजे काहीच ऐकू आले नाही, आणि तो नरमला. "पौर्णिमेला अकरा दिवस उरलेत," तो म्हणाला. "तुला जमते का बघ."

भिवराने चार टोपल्या चार वेगळ्या खोल्यांत ठेवून कुलपे लावली. अंबुजाच्या डोक्याला हळद आणि तूप लावले, त्याची टोपली काखोटीला मारली आणि ती माळरानाकडे चालू लागली. वाटेत ती राजाला ज्या शिव्या देत होती, त्या मी इथे सांगत नाही. तिच्या एकाही शब्दाशी माझे भांडण नाही.

माळावर दगडाच्या आडोशाला एक म्हातारी लावी बसली होती. तिला माणसाची भाषा येत होती.

"टोपलीत कोण?" लावीने विचारले.

"माझा मुलगा." भिवराने फडके बाजूला केले.

"डोके कुणी फोडले?"

"चौघा भावांनी, सोन्याच्या पिंजऱ्यात. शिकवलं बापानं."

लावी टोपलीजवळ सरकली. मग म्हणाली, "पाच नर एका उघड्या जागी कोंडले. लपायला गवत नाही, लोळायला माती नाही, सोबतीला मादी नाही. मग समोर दिसते ते फक्त भावाचे डोके. तीन गोष्टी आण. आंधळ्या राक्षसाच्या कुरणातले गवत, अजगराच्या नदीतली माती, आणि आम्ही वीस जणी."

भिवरा आंधळ्या राक्षसाच्या कुरणात गेली. तिथले गवत सकाळी पेरले की दुपारी कमरेला लागे. राक्षस म्हणाला, "गवत ने. मोबदल्यात तुझा राग दे. छान ऊबदार राग आहे तुझा, इथवर जाणवतो."

"राग मला लागणार आहे. दुसरं काही माग."

"मग सावली दे."

भिवराने सावली काढून दिली, गवताचा भारा मुळांसकट डोक्यावर घेतला आणि ती निघाली. उन्हात तिच्या पायांशी आता काहीच पडत नव्हते. तिने त्याकडे बघितलेही नाही.

आटलेल्या नदीत माती पिठासारखी मऊ होती आणि तिच्यावर अजगर पसरला होता. त्याने जबडा उघडला. "मी सात वर्षांचा भुकेला आहे," तो म्हणाला.

"आणि मी काय जेवून आलेय? सरक बाजूला! माझ्या पोराचं डोकं सोललंय आणि तू इथं ऐदीपणा करतोस?"

अजगराला इतक्या वर्षांत असे कुणी बोलले नव्हते. तो ओशाळला आणि सरकला. भिवराने दोन पोती माती हाताने चाळून घेतली, बारीकसा खडाही राहू दिला नाही.

ती लावीकडे परतली. लावी म्हणाली, "आम्ही वीस जणी येतो. पण तुझ्या राजाचे शिकारी माळावर जाळी लावतात, नराचा आवाज काढून आम्हाला फसवतात आणि मारून खातात. आधी ती जाळी जाळा."

भिवरा महालात गेली आणि तिने राजाला ते सांगितले. राजा म्हणाला, "जाळी माझ्या आजोबांची आहेत. घराण्याची खूण आहे."

भिवराने टोपलीवरचे फडके काढले. अंबुजाचा एक डोळा सुजून मिटला होता. "ही बघा घराण्याची खूण."

राजाने तोंड फिरवले. पण संध्याकाळच्या आत त्याने चौकात जाळ्यांचा ढीग घातला आणि स्वतः पलिता लावला. धूर माळापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी वीस लाव्या रांगेने राजद्वारातून चालत आत आल्या. पहारेकऱ्यांनी भाले बाजूला केले.

भिवराने परसात कुडाचे लांबरुंद कुंपण घातले. वर सोने नाही, मऊ कापड ताणले. आत गवत इतके दाट लावले की एका टोकाचा लावा दुसऱ्या टोकाच्या लाव्याला दिसू नये. माती पसरली, वीस लाव्या आत सोडल्या. खाण्याच्या मातीच्या वाट्या पाच नव्हे, आठ मांडल्या, त्याही दूर दूर. आधी पाच दिवस तिने पाचांना विणलेल्या तट्ट्यांच्या आड ठेवले. एकमेकांना बघू देत, ऐकू देत, टोचता मात्र येऊ नये. पहिल्या दिवशी ते तट्ट्यांवर धडका मारत होते. पाचव्या दिवशी रणंजय तट्ट्याला टेकून झोपला आणि पलीकडे अंबुज झोपला.

मग भिवराने तट्टे काढले.

पहिल्या दिवशी रणंजय गळा फुगवून धावला. वाटेत गवत आले, गवतात भाऊ दिसेनासा झाला, आणि कशासाठी धावतोय तेच तो विसरला. सूर्यास्त झाला. दुसऱ्या दिवशी मधल्या दोघांत कुरबुर झाली, तेव्हा म्हातारी लावी मधे जाऊन उभी राहिली. दोघेही मातीत लोळायला गेले. दुसरा सूर्यास्त झाला. भिवरा दोन दिवस कुंपणापासून हलली नव्हती.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. दुपार कलली. सूर्यास्ताला चार घटका उरल्या. आणि काय सांगू तुम्हाला! राजा पूर्ण राजवेषात आला. हातात तेच सोन्याचे ताट, ताटात केशरी भात. बापाची माया उफाळून आली होती त्याची! माझे मुलगे मातीच्या वाट्यांपाशी माणसे होणार नाहीत, म्हणाला, राजाच्या ताटापाशीच होतील. भिवरा पाण्याची वाटी भरायला वळली तेवढ्यात त्याने कुडाचे दार उघडून ताट आत ठेवले, आणि सवयीने मांडी थोपटली.

पाचही लाव्यांनी माना वर केल्या. पाचही गवतातून धावत सुटले. अंबुज जवळ होता, तो आधी पोचला. रणंजयाने मागून येऊन त्याला पायाखाली दाबले आणि त्याच्या उघड्या लाल डोक्यावर चोच उगारली.

भिवराने हात मधे घातला. चोच तिच्या तळव्यात रुतली. रक्ताची धार लागली. तिने हात तसाच पोटाशी धरला आणि सारे रक्त पदरात घेतले.

राजा किंचाळला, "रक्त सांडले! सगळे संपले!"

म्हातारी लावी पुढे आली. तिने पदराकडे पाहिले, अंबुजाकडे पाहिले. "हे भावाचे रक्त नाही," ती म्हणाली. "हे आईचे आहे."

भिवराने चांगल्या हाताने ताट उचलले आणि भातासकट कुंपणाबाहेर भिरकावले. मग ती राजाकडे वळली.

"शाप जोगिणीनं दिला म्हणता? शाप तुम्ही दिलात! बारा वर्षं, रोज, दोन वेळा! घास उचलणाऱ्याला तुरा दिलात, आणि ज्याच्या हातातून घास गेला त्याच्याकडे कधी बघितलंत? हा पोर माझ्या मांडीवर येऊन उपाशी झोपायचा. तुमच्या घरात, सोन्याच्या ताटापाशी बसून उपाशी!"

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"काढा," भिवरा म्हणाली. "आणि काढायची नसेल तर त्या भिंतीकडे तोंड करून खाली बसा. सूर्य बुडेपर्यंत एक शब्द बोलू नका. मुलांकडे बघूही नका. तुम्ही बघता म्हणून ती लढतात."

राजाची मुठीवरची पकड सुटली. मग वज्रकेतू राजाने मुकुट काढला, भिंतीकडे तोंड केले आणि तो जमिनीवर बसला.

कुंपणात वीस लाव्या पाचही भावांच्या मधून फिरू लागल्या. रणंजय थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला. बघणारे कुणी नव्हते. त्याची पिसे हळूहळू खाली बसली. तो एका वाटीतून खाऊ लागला, अंबुज दुसऱ्या वाटीतून. खाऊन झाल्यावर दोघे एकाच खळग्यात लोळले.

सूर्य बुडाला. कुंपणात पाच तरुण मातीने माखलेले उभे होते. रणंजयाने आधी स्वतःचे हात पाहिले, मग धाकट्याचे अजून सोललेले डोके पाहिले, आणि तो मान खाली घालून रडू लागला.

पुढे राज्याची घडी बसली. पहिल्या घासाची रीत बंद झाली. ताट वितळवून त्याच्या पाच वाट्या केल्या. रणंजयाला गादी मिळाली, चौघांना चार दिशांचे चार गड, वेगळे वाडे, वेगळ्या चुली. सणाला ते एकत्र येतात आणि भांडण न होता परत जातात. माळावर पुन्हा कुणी जाळे लावले नाही.

त्याच संध्याकाळी राजाने भिवराला विचारले होते, "काय हवे ते माग. अर्धा खजिना देतो."

"खजिना ठेवा तुमचा," ती म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि का उतरावा? "रोज सकाळी अंबुजाचं डोकं तुम्ही धुवायचं. स्वतःच्या हातानं. तूप लावायचं. केस उगवेपर्यंत."

राजाने कबूल केले. त्याला वाटले, महिन्याभराचे काम असेल.

त्या जागी केस कधीच उगवले नाहीत. अंबुजाच्या दाढीत पांढरे केस आले तरी म्हातारा वज्रकेतू त्याच्याच गडावर राहून रोज सकाळी ऊन पाण्याचा तांब्या घेऊन येई, आणि लेक त्याच्यापुढे मान वाकवून बसे.