लाल ठिपक्याच्या मेंढ्या

“आणि ह्या त्रेचाळीस मेंढ्या ठेवून तुम्ही करणार तरी काय, आप्पा?”

सिद्रामनं असं विचारलं, तेव्हा मी टेंपोचा फाळका खाली सोडून उभा होतो. त्रेचाळीस मेंढ्या भरायच्या आणि बाजारात उतरवायच्या, एवढंच माझं काम. पण ह्या गुरुशिष्यांचं काही केल्या आटपेना.

गुरू म्हणजे धुळाआप्पा कोकरे. सत्तरी उलटलेले धनगर. सिद्राम त्यांच्याच मागं मेंढरं राखत मोठा झाला, मग जनावरांचा डॉक्टर झाला. शिकून आला तो असा, की उत्साहानं माळावर पाय ठरेना.

आप्पा तंबाखू मळत राहिले.

“तीन पावसाळे जंतानं कोकरं मरतायत. तुम्हीच फोन केलात ना, काहीतरी कर म्हणून?”

“केला.”

“मग केलं की मी! एकशेवीस मेंढ्यांचं रक्त तपासलं. आप्पा, अहो, सापडलं!”

“काय सापडलं?”

“अंगात रोग शिरला की ‘हा परका, हाणा ह्याला’ असं सांगणारं एक जनुक असतं. असतं सगळ्यांतच, पण प्रत्येकीत रूप जरा वेगळं. माणसांतही तसंच. एकाच घरात एकाचे सांधे धरतात, दुसरा ठणठणीत. त्यात ह्या जनुकाचाही हात असतो.”

“बरं…”

“हिरवा ठिपका लावलाय, त्यांच्यातलं रूप जंताला बरोबर ओळखतं. लाल ठिपक्यावाल्यांचं नाही ओळखत. त्या स्वतः खंगतात आणि रानभर जंत पसरवतात. तेवढ्या काढल्या की सुटलो!”

पोराचे डोळे असे चमकत होते की मलाही राहवेना. म्हटलं, वा रे पठ्ठे!

“खरं हाय,” आप्पा म्हणाले. “लालवाल्यांचीच कोकरं जास्त गेली.”

“मग भरू?”

“भर.”

सिद्रामनं पहिली मेंढी फाळक्यापाशी आणली. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“ही भोरीची नात.”

दुसरी आली.

“चांदीची लेक.”

तिसरी.

“ही बी चांदीचीच. धाकटी.”

आपल्याला मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात. आप्पांना प्रत्येकीची आई, आजी, पणजी तोंडपाठ. नाव घेऊन घेऊन ते निरोप देत होते आणि खोटं कशाला सांगू, मला ते बघवेना. कसायाच्या दारात जायच्या होत्या त्या.

दहाव्या मेंढीला सिद्राम थबकला.

“आप्पा, सगळ्या भोरीच्या नाहीतर चांदीच्याच कशा निघतायत?”

“काजळीच्या बी हायत की. मागं हायत.”

“पण तिघींच्याच का? बाकीच्या मेंढ्यांची पोरं कुठं गेली?”

आप्पांनी समोरच्या मेंढीचा ओठ वर केला. जीभ बघितली. मग ओठ सोडून दिला.

“निळ्या जिभेचा रोग आला त्या साली गेली. तू तवा तालुक्याला शाळंत हुतास. तोंडं सुजली, जिभा निळ्या पडल्या. आठ दिसांत दोनशे मेंढरं मातीत घातली मी… तिघीच उभ्या ऱ्हायल्या. भोरी, चांदी, काजळी.”

“आणि हिरव्यावाल्या?”

“त्या मागनं आणल्या. मेव्हण्याच्या कळपातनं.”

सिद्राम मेंढरांकडं वळला. मग खिशातला कागद काढला, लाल मेंढ्यांवरून बोट फिरवत एकेकीची आई विचारत सुटला. आप्पा सांगत होते, हा खुणा करत होता. त्रेचाळीसपैकी अडतीस त्या तिघींच्या वंशातल्या!

“आप्पा!” तो केवढ्यानं ओरडला. “म्हणजे जे रूप जंताला ओळखत नाही, तेच निळ्या जिभेला ओळखत असेल! खात्री नाही अजून, तपासावं लागेल, पण… अहो, मी रक्ताला एकच रोग विचारला! नुसता एकच! आणि ह्यांना बाजार दाखवायला निघालो होतो!”

त्यानं त्या दहावीच्या गळ्यातच हात टाकले. मग टेंपोत चढून बाकीच्या नऊ स्वतः खाली उतरवल्या. हसत होता की रडत होता, त्यालाच ठाऊक. मीही टाळ्या पिटल्या. माझा टेंपो रिकामा जाणार होता, तरी पिटल्या.

आप्पांनी तंबाखूची चिमूट ओठात धरली.

तेवढ्यात सिद्रामनं हिरव्या मेंढ्यांकडं बघितलं. एकदा लालकडं, एकदा हिरव्याकडं. आणि गडी पुन्हा पेटला.

“आप्पा, मग ह्याच काढू की!”

“कुठल्या?”

“हिरव्या! जंताला काय, औषध पाजता येतं. निळी जीभ आल्यावर काय पाजणार? दोनशे गेल्या तुमच्या! सगळा कळप लालच करू. अहो ड्रायव्हर, फाळका लावू नका!”

मी कडी घातलीच होती; बिचाऱ्यानं पुन्हा काढून फाळका खाली सोडला.

सिद्राम पहिली हिरवी मेंढी ओढत आणू लागला. ती जागची हलेना. आप्पा उठले, खांद्यावरची घोंगडी फाळक्यावर अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. आता टेंपोत चढायला वाटच नव्हती.

“उठा ना, आप्पा.”

आप्पांनी मांडी सावरली.

“आप्पा, खरंच सांगतोय. ह्या विकू.”

“इकू की. लागल तेवढ्या इकू,” आप्पा म्हणाले. “फकस्त पुढच्या साली कुठला रोग यायचाय, तेवढं सांग.”