पिठीचा महिना

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर अजून पूल झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. एका गावात ठकू नावाची कुंभारीण राहायची. घरात ती आणि तिची मांजर, दोघीच. मांजर पिठासारखी पांढरी, म्हणून नाव पिठी. ठकू चाकावर बसली की पिठी तिच्या पाठीला पाठ लावून बसे.

त्या काळी मांजरांना बोलता यायचं. पण उगाच बोलायची त्यांना सवय नव्हती.

एके दिवशी पिठीने दुधाला तोंड लावलं आणि झटकन मागे घेतलं. हनुवटीवरून लाळ गळत होती. जबड्याखाली बोराएवढी गाठ ठकूच्या हाताला लागली. ठकूने तिला टोपलीत घालून वैद्यबुवांकडे नेलं.

वैद्यबुवांनी तोंड उघडून पाहिलं आणि मान हलवली. "हा कर्करोग, ठकू. खेकड्याने नांगी रोवावी तसा आतून धरलाय. महिनाभराची सोबत आहे."

"आणि औषध?"

"असाध्याला औषध नसतं," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. आपल्या हातून रोगी दगावला असं कुणी म्हणू नये, याला ते फार जपत.

ठकू हार मानणारी नव्हती. कडू काढ्याने गाठ विरते, असं तिने कुठेसं ऐकलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती पिठीला फडक्यात गुंडाळायची, जबडा उघडून काढा ओतायची, वर भाकरीचा काला कोंबायची. "खा गं बाई! खाल्लंस तरच बरी होशील!"

आठव्या दिवशी पिठी दिसेना. शेवटी ती भट्टीमागे राखेत सापडली. ठकूने हात पुढे केला, तशी ती कान पाडून आणखी मागे सरली.

पिठी जाणार, हे ठकूला कळलं होतं. पण आपल्याला भिऊन जाणार?

ती तिथेच मातीत बसली. "पिठे, माझं काय चुकलं गं?"

राखेतूनच पिठी बोलली. "तू मला बरी करायला बघतेस, ठकू. त्यात मला बरं काही वाटतच नाही. मी तर जायचीच आहे. तोवर तुझ्या पाठीशी बसायचं होतं. पण आता तुझे हात दिसले की जबडा ठणकतो."

ठकूने काढा ओतून दिला आणि तडक वैद्यबुवांचं दार वाजवलं.

"तिला बरी करा म्हणत नाही. दुखणं कमी होईल असं काही आहे का?"

वैद्यबुवा गोंधळले. "हे मला आजवर कुणी विचारलंच नाही!" मग फडताळातून त्यांनी एक लेप काढून दिला.

ठकूने बिनकाठाची पसरट थाळी घडवली आणि विटेवर ठेवली, म्हणजे पिठीला मान वाकवायला नको. नदीतल्या मासळीचं पाणी फडक्यातून गाळलं, कोमट केलं आणि स्वतः दूर जाऊन बसली. पहिल्या दिवशी पिठीने चारदा जीभ लावली. दुसऱ्या दिवशी थाळी चाटूनपुसून लख्ख! नको असेल त्या दिवशी ठकू मागे लागत नसे. पिठीला आता स्वतःचं अंग चाटता येत नव्हतं, म्हणून ठकू ओल्या मऊ कापडाने तिचं तोंड पुसायची, आईच्या जिभेसारखं, हळूहळू. मग गाठीवर वैद्यबुवांचा लेप लावायची.

शेजारची मथूकाकू हसायची. "अगं, मांजरापायी मडकी कच्चीच राहिली की तुझी!"

"मडकी थांबतील, काकू. ही थांबायची नाही."

एका सकाळी पिठी आपणहून आली आणि ठकूच्या पाठीला पाठ लावून घुरघुरू लागली.

मग पिठी किती जगली? वैद्यबुवांनी सांगितला होता तेवढाच, एक महिना. पण त्यानंतर ती पुन्हा कधी लपली नाही. गेली ती कोवळ्या उन्हात, ठकूच्या मांडीवर, तिचं बोट पंजात धरून.

ठकू खूप रडली. पण तिचं मन शांत होतं. वैद्यबुवांनी मात्र त्या दिवसापासून असाध्य रोग्याला दार लावणं सोडलं. ते त्याच्या उशाशी बसून विचारू लागले, "आज कशाने बरं वाटेल?" आणि ठकूच्या पसरट थाळ्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरोघरी जाऊ लागल्या.

तात्पर्य : बरं करणं आपल्या हातात नसतं, तेव्हाही बरं वाटेल असं काहीतरी करणं आपल्या हातात असतंच.